जोडप्यातलं एक

माझं काम वाचून दाखवण्याचं होतं. दवाखान्यात नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, ही सुया टोचत असेल किंवा केसपेपर काढत असेल. मी दोन्ही करत नव्हते. परभणीत कुष्ठरोगाचं एक खाजगी केंद्र होतं, तिथे एका औषधाची चाचणी सुरू झाली होती. चाचणीचे नियम इंग्रजीत होते. ते मराठीत आणायचे, रोग्यासमोर बसून मोठ्याने वाचायचे, त्याला कळले का ते बघायचं आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा, यासाठी त्यांना माणूस हवं होतं. माझे वडील पूर्णेला रेल्वेत होते. मी शिकले सिकंदराबादला, मावशीकडे राहून, इंग्रजी शाळेत. मुलाखतीत मी इतकी कमी बोलले की नोकरी गेलीच असं धरून चालले होते. पण मोठे डॉक्टर म्हणाले, "कमी बोलणारीच बरी. रोग्याच्या कानावर लिहिलंय तेवढंच जायला हवं, पदरचं काही नको."

मोठे डॉक्टर म्हणजे केंद्राचे प्रमुख. त्यांना सगळे असंच म्हणत, मीही तसंच म्हणते.

कुष्ठरोगाला आमच्या भागात रक्तपिती म्हणतात. तो गोळ्यांनी बरा होतो हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण बरं होताना काहींना जे सोसावं लागतं त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. औषधाने रोगाचे जंतू मरत असतात आणि नेमकं त्याच वेळी शरीर उसळतं. अंगावर लाल, दुखऱ्या गाठी येतात. ताप भरतो. कोपरामागची नस दोरीसारखी सुजते, आणि त्या नसेवर ज्या बोटांचा कारभार चालतो ती हळूहळू आत वळून तशीच राहतात. डोळ्यात उतरलं तर नजर जाते. याला आमच्याकडे नुसतं 'रिअॅक्शन' म्हणत. तिच्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. त्या दिल्या की ती दबायची, कमी केल्या की परत यायची, आणि गोळ्यांनी माणसाचं तोंड सुजून त्याचं त्यालाच ओळखू येईनासं व्हायचं.

चाचणीचं औषध या रिअॅक्शनवर होतं. जे पुरुष ते घेत होते त्यांचा ताप बघता बघता उतरला. खाटेवर आणलेला माणूस पुढच्या खेपेला चालत आलेला मी पाहिला आहे. पण त्या औषधाचा एक इतिहास होता. पूर्वी परदेशात ते गर्भार बायकांना साध्या मळमळीवर दिलं गेलं आणि हातपाय नसलेली मुलं जन्माला आली. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला एका पुस्तकातला फोटो दाखवला. मुलाच्या खांद्यालाच बोटं फुटली होती. पुस्तक मिटून ते म्हणाले, "हे आपल्या जिल्ह्यात होता कामा नये. बाकी काय चुकायचं ते चुको."

त्यामुळे चाचणीत येणाऱ्यांसाठी अटी होत्या. पुरुषांना निरोधचं पाकीट आणि एक ताकीद, एवढंच. बाईसाठी मात्र दोनच वाटा. तिची पाळी कायमची जाऊन पुरेसा काळ लोटलेला असायला हवा, नाहीतर तिचं स्वतःचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असायला हवं. गोळ्या चालणार नव्हत्या, तांबी चालणार नव्हती. नियम करणारी समिती बाहेरगावी बसत असे. तिचं म्हणणं असं की खेड्यातली बाई रोज आठवणीने गोळी घेईल याचा भरवसा नाही, आणि तांबी पडली तरी ती सांगायला येणार नाही. हे वाक्य मी मराठीत आणलं नाही, कारण ते वाचून दाखवायच्या भागात नव्हतं.

आता हे सगळं विचारायचं मी. वय बाविशीचं, लग्न झालेलं नाही, आणि घरी या विषयातला एक शब्दही कधी कोणी उच्चारलेला नाही. माझं मराठी पुस्तकी होतं. 'मासिक पाळी नियमित येते का' असं मी विचारलं की बायका एकमेकींकडे बघायच्या.

ताडकळसच्या बाजाराला आमची जीप जात असे. तिथे एक म्हातारी आली होती, तोंडात दात नव्हते. नियमाप्रमाणे मी तिलाही विचारलं. ती आधी पान चघळायची थांबली, मग बाजूच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "आगं बघ माय, ही पोरगी मला इचारायली, दिवस गेलेत का म्हून! कुनाचे सांगू गं? म्हातारा तर मरून बी गेला." सगळा बाजार हसला. मग तिने माझ्या गळ्याकडे बघितलं. मंगळसूत्र नव्हतं. "तुझं लगीन व्हायचंय व्हय? मग तुला काय मालूम ह्यातलं? जा, तुझ्या मायला पाठव."

तेव्हा मलाही हसू आलं. पण पूर्णेजवळच्या एका गावातली अठराएक वर्षांची मुलगी आली तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, माझ्या वडिलांना ओळखत होते. त्यांना वाटलं, साहेबाची पोरगी आहे, काम होईल. मी नियम वाचला. कुंवार मुलीला त्यात वेगळी सवलत नव्हती. वाचताना माझा आवाज खाली गेला आणि ते म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी मोठ्याने वाचलं. ते उठले, मुलीचा दंड धरला आणि दारात वळून मला म्हणाले, "तू माझ्या पोरीला काय इचारायलीस हे तुझ्या बापाला सांगू का?" ती मुलगी पुन्हा आली नाही. मी त्या गावाला दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा घराला कुलूप होतं.

अशा पुष्कळ आहेत. पण मला लिहायचं आहे ते महानंदाबद्दल.

चारठाण्याच्या पुढे, कच्च्या रस्त्याने आत गेलं की तिचं गाव. लिंगायतांचं घर. नवरा मन्मथआप्पा, त्याचं किराणाचं छोटं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. घरात आप्पाची म्हातारी आई आणि सुवर्णा नावाची एक मुलगी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आप्पा दुकानातून उठून धावत जीपपाशी आला. "म्याडम, गाडी जरा देवळाकडं लांब लावा. तुमच्या गाडीवर काय लिहिलंय ते आता शेंबडं पोरबी वाचतंय. दारात ही गाडी बघितली तर माझ्याकडचा गूळ कोन घेईल?" असं म्हणून तो हसला, पण गाडी हलेपर्यंत समोरून बाजूला झाला नाही. पुढे आम्ही जीप नेहमी देवळामागे लावायचो आणि मी पायी जायचे.

महानंदा तेव्हा पंचविशीच्या आसपास असेल. कपाळाला विभूती, गळ्यात धाग्याला बांधलेलं लिंग, आणि स्टिरॉइडने सुजलेलं तोंड. तिने मला हात दाखवले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट वळायला लागलं होतं. "भाकर थापताना पीठ हितनं खाली पडायलंय," ती म्हणाली आणि त्या दोन बोटांकडे बघत राहिली, जणू ती कोणा दुसऱ्याची होती. तिला नीट कळत होतं काय चाललंय ते. आमच्याच केंद्रात तिने खुंटं झालेले हात पाहिले होते. तिचा प्रश्न एकच होता, आणि तो तिने मला प्रत्येक भेटीत विचारला. "माझे हात ऱ्हातील का?"

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्या औषधाने राहतील. वेळेत मिळालं तर.

मी आतल्या खोलीत बसून नियम वाचले. सासू मठात गेली होती. आप्पा उंबऱ्यात बसला होता, एक कान दुकानाकडे. ऑपरेशनचं वाक्य आलं तसा तो म्हणाला, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं.

महानंदा म्हणाली, "मंग पोराचं काय?"

पुढच्या खोलीत एक बाई हाक मारत होती, पावशेर साखर मागत होती. आप्पा उठून गेला, साखर मोजून दिली, परत येऊन तिथेच बसला.

"सुवर्णा हाय की," तो म्हणाला.

"आई काय म्हनतील?"

"आईला काय सांगायचं ते मी बघतो. आधी तू ऱ्हा."

पुढच्या खेपेला महानंदाने मला सांगितलं की तिचं ठरलं आहे. कसं ठरलं, किती रडून ठरलं, मला माहीत नाही. सासूला त्यांनी जिंतूरला इंजेक्शन घ्यायला जातो असं सांगितलं. मार्च महिना होता. ज्यांनी सरकारी आरोग्य खात्याजवळ काम केलंय त्यांना मार्च म्हणजे काय ते माहीत आहे. कुटुंबनियोजनाच्या केसेसचं उद्दिष्ट पुरं करायचा तो शेवटचा महिना. त्या भागाच्या नर्स सुशीलाबाई स्वतः सोबत आल्या. मीही गेले, कारण ऑपरेशन झाल्याचं मला डोळ्यांनी बघायचं होतं.

जिंतूरच्या ऑपरेशन-शिबिराला आलेल्या सर्जनने महानंदाच्या पोटावरून लुगडं बाजूला केलं आणि हात मागे घेतला. पोटावरही गाठी होत्या, त्यातल्या काही फुटलेल्या. अंगात ताप. "स्टिरॉइड चालू आहे?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "मग हिला मी हात लावणार नाही. टाका भरणार नाही, पू होईल, मरेल. आधी ही रिअॅक्शन थांबवा, मग आणा."

मी म्हणाले, "रिअॅक्शन थांबवायचं औषध ऑपरेशनशिवाय देता येत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. रांगेत अजून खूप बायका होत्या. "मग मी काय करू, सांगा," तो म्हणाला आणि पुढच्या बाईकडे वळला.

आम्ही चौघं बाहेर निंबाखाली आलो. महानंदा खाली बसली. सुशीलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. आणि मग, अगदी सहज, त्या म्हणाल्या, "आप्पा, तुमचं करून टाका की."

इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. सरकारी कुटुंबनियोजनात हिशेब बाईचा नसतो आणि बुवाचाही नसतो, जोडप्याचा असतो. गावात किती जोडपी, त्यातली किती सुरक्षित. नवऱ्याचं झालं काय आणि बायकोचं झालं काय, जोडप्यातलं एक झालं की ते घर झालं. सुशीलाबाईंची सगळी नोकरी या हिशेबात गेली होती. गावोगावच्या लोकांनाही तोच हिशेब पाठ होता. त्या काही फसवत नव्हत्या. त्यांना मार्चमध्ये एक केस मिळत होती हे खरं, पण महानंदाचे हात वाचावेत असंही त्यांना मनापासून वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एका वेळी असू शकतात.

मी म्हणाले, "मी आधी डॉक्टरांना विचारते." आरोग्य केंद्रातला फोन बंद होता. मी पोस्टात जाऊन कॉल लावला, तो लागला नाही. परत आले तोवर आप्पा शर्टाच्या गुंड्या काढत होता.

"थांबा," मी म्हणाले. "आमचे नियम वेगळे आहेत. विचारल्याशिवाय करू नका."

"इचारायचं काय त्यात, म्याडम? सरकार मानतंय. तुमचा दवाखाना सरकारपेक्षा मोठा हाय का? आज हा डॉक्टर गेला की पुन्हा कधी यायचा? तवर हिचे हात थांबतील का?"

त्याच्या चुलत्याला आणीबाणीत शेतातून धरून नेऊन नसबंदी केली होती. गाव त्या माणसाला अजून त्या नसबंदीवरूनच ओळखत होतं. आप्पा दुकानात बसणारा, चार लोकांशी बोलून पोट भरणारा माणूस. हे बाहेर फुटलं तर काय होईल ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. महानंदाने त्याचा शर्ट धरला. "नका ना," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "सोड. लोक बघायलेत."

आत कंपाउंडरने त्याला गळ्यातलं काढून ठेवायला सांगितलं. लिंगायत माणूस लिंग अंगावेगळं करत नाही. आप्पा म्हणाला, "ते निघायचं न्हाई." कंपाउंडर म्हणाला, "मग तुझंबी व्हायचं न्हाई." शेवटी आप्पाने धागा सोडवला आणि लिंग मुठीत घट्ट धरलं. तसाच टेबलावर गेला, तसाच बाहेर आला. मी पडद्याबाहेर उभी होते, मला ती मूठ तेवढी दिसत होती.

ते दोघं केंद्रावर आले त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एस. टी. रस्त्यावर नव्हती. कापसाच्या ट्रकमधून आले होते, दोघांच्या केसांना, कपड्यांना कापूस चिकटलेला. आप्पा जरा फेंगडा चालत होता, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा. शिबिराचा दाखला त्याने मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "घ्या साहेब. झालं तुमचं काम. आता गोळ्या द्या."

मी डॉक्टरांना आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी दाखला वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"आप्पा, तुम्ही फार मोठं काम केलंत," ते म्हणाले. "पण हे चालत नाही."

"कामून?"

"नियम बाईबद्दल आहे. औषध तिच्या पोटात जाणार. तिला दिवस जाऊच शकत नाहीत याची खात्री तिच्या शरीराची हवी."

"अवो पन माझंच झालंय तर तिला दिवस जातीलच कसे?"

डॉक्टरांनी खिडकीकडे बघितलं. आप्पाने माझ्याकडे बघितलं. समजावून सांगणं माझं काम होतं. मी खाली बघत होते.

"सांगा की साहेब," आप्पा म्हणाला. "कसे जातील?"

महानंदाला त्याच्या आधी कळलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, इतका की तोंड दिसेना. "चला," ती म्हणाली.

"थांब गं. साहेब सांगायलेत."

"साहेब काय सांगायले ते कळलंय मला. उठा. चला."

मग त्यालाही कळलं. तो रागावेल, टेबलावर हात आपटेल असं मला वाटलं, निदान मला तसं व्हायला हवं होतं. त्याने दाखला उचलला, घडी केली आणि खिशात ठेवला. जाताना मला एवढंच म्हणाला, "आईला कळू देऊ नका, म्याडम. मला त्या दुकानात बसायचंय."

मोठ्या डॉक्टरांनी समितीला लिहिलं. पत्र मीच टाइप केलं, चांगलं इंग्रजी वापरून, विनवणी करून. उत्तर आलं की नियमात बदल शक्य नाही, मात्र ही रुग्ण स्वतःचं ऑपरेशन करून घेण्यास पात्र झाल्यावर जरूर विचार होईल. पात्र होण्यासाठी रिअॅक्शन थांबायला हवी होती. मी डॉक्टरांना विचारलं, चाचणीबाहेर नाही का देता येणार? त्यांनी कपाट उघडून दाखवलं. डबे मोजून आलेले, गोळी मोजून द्यायची, उरलेली मोजून परत करायची. "एक जरी कमी भरली तरी सगळं बंद करतील," ते म्हणाले. "मग त्या पुरुषांचं काय?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "आणि खरंच तसं मूल झालं तर? मी काय सांगू?" मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. ते खोटं बोलत नव्हते. सर्जन खोटं बोलला नव्हता, सुशीलाबाई बोलल्या नव्हत्या. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता, आणि दर महिन्याला महानंदाचं आणखी एक बोट वळत होतं.

चाचणी संपली. निष्कर्ष एका इंग्रजी नियतकालिकात छापून आले, त्याची प्रत केंद्रात लावली होती. पुरुषांचे तक्ते होते, सुधारणेचे आलेख होते. बायकांबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, की अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रिया मोजक्याच मिळाल्या आणि चाचणीच्या काळात एकही गर्भधारणा झाली नाही. ते खरंच होतं. छापलेल्या मजकुरात खोटं असं काहीच नव्हतं.

मी त्यानंतर फार टिकले नाही. पण नोकरी सोडण्याआधी एकदा तिच्या गावाला गेले होते, स्टिरॉइडच्या जुन्याच गोळ्या घेऊन. तेच सांगून थांबते.

जीप देवळामागे ठेवली. दुकानात आप्पा होता, त्याने मान हलवली, हसला नाही. आत महानंदा भिंतीला टेकून बसली होती. उजवा डोळा पांढुरका झाला होता. दोन्ही हात मांडीवर, बोटं आत वळलेली. सुवर्णा शाळेत गेली होती. भाकरी आता सासू थापत होती. तिने मला बघितलं आणि पीठाचे हात तसेच घेऊन उठली.

"बरं झालं तुमी आलाव, बाई. तुमी शिकल्यासवरल्या. ह्याला जरा सांगा." तिने दुकानाकडे हात केला. "सेलूकडची एक पोरगी सांगून आलीया. गरिबाची हाय, काही मागत न्हाईत. हिला काय मी हाकलून द्यायली का? ही ऱ्हाईल घरात, खाईल, पिईल. पन घराला दिवा नको का? मी मेल्यावर भाकर तरी कोन थापील? तर हा न्हाई म्हनतोय. नुसतं न्हाई. कामून तर बोलत न्हाई. बोल की रं! पाव्हन्यांपुढं तरी बोल!"

आप्पा उंबऱ्यात येऊन उभा राहिला. पूर्वी तिथेच बसून त्याने माझं वाचणं ऐकलं होतं.

"आई, ऱ्हाऊ दे आता."

"कामून ऱ्हाऊ दे? हिनं करनी केलीया तुझ्यावर. आजारी मानसाची जीभ लय गोड असतीया."

महानंदा चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती, मी बोलू नये म्हणून. मी बोलणारच नव्हते. मला तेवढं चांगलं येत होतं.

"हिनं काय न्हाई केलं," आप्पा म्हणाला. "माझंच झालंय."

"काय झालंय?"

"ऑपरेशन. जिंतूरला. काकाचं झालं तेच. माझ्या खुशीनं केलंय. आता दुसरी आन न्हाईतर चौथी आन, दिवा काय लागायचा न्हाई."

म्हातारीच्या हाताला पीठ होतं. ते ती एका हाताने दुसऱ्या हातावरून काढायला लागली, बोटाबोटातून, सावकाश. आता ही ऊर बडवेल, महानंदावर धावून जाईल, मी उठून मध्ये पडायला हवं, असं माझ्या मनात आलं. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन हाका मारत होतं, आप्पा हलला नाही.

"कशापायी केलंस?" म्हातारीने विचारलं.

"हिला औषध मिळावं म्हून. त्यांची अट होती."

म्हातारी माझ्याकडे वळली. आवाज उतरलेला होता, भांडणाचा मुळीच नव्हता. काहीतरी हाती लागेल म्हणून माणूस विचारतं तसं तिने विचारलं.

"मंग औषध मिळालं ना हिला?"

आप्पा दुकानात निघून गेला. महानंदाने मान फिरवली. उत्तर द्यायला मी एकटी उरले.

"नाही," मी म्हणाले.

"कामून?"

मी सांगायला लागले. औषध काय होतं, ते कुठून आलं, पोटातल्या मुलाला काय होतं, अट कोणी घातली, बाईचं का आणि बुवाचं का नाही. सोपे शब्द शोधत, सुरुवातीपासून, जसं मी त्या जिल्ह्यात किती जणांना सांगितलं असेल तसं. म्हातारी थोडा वेळ ऐकत होती. महानंदा भिंतीजवळचा पाण्याचा पेला चाचपत होती. तो तिच्या मनगटाला लागून कलंडला. म्हातारी पुढे झाली, पेला धुतला, भरला, तिच्यासमोर बसली. सुनेची बोटं एकेक करून उघडली, पेला त्यात ठेवला आणि बाहेरून स्वतःच्या दोन्ही हातांनी ती बोटं मिटून धरली, ती पिईपर्यंत.

मी अजून सांगतच होते.